रोहू वर्षभरात पाव किलोवरच अडकतो: काय तपासायचं, आणि बीजाला दोष कधी द्यायचा

शेततळ्यात किंवा गावतळ्यात रोहू, कटला, मृगळ पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. मासा मरत नाही, दिसायला ठणठणीत आहे, खाद्य टाकलं की वर येतो, पण अंगाला वजन लागत नाही. तक्रार करणारा बहुतेक वेळा निदानही सोबतच आणतो: "बीजच (तळ्यात सोडायला आणलेली पिल्लंच) खराब निघालं." कधीकधी ते अगदी खरं असतं. पण माशाच्या रक्तातला, म्हणजे वंशातला, दोष सिद्ध करायला एक हंगाम जातो, आणि तळ्यातला दोष एका सकाळीत सापडतो. म्हणून तळ्यापासून सुरुवात करायची आणि बीजापर्यंत शेवटी जायचं. हा क्रम मी वर्षानुवर्षं पाळत आलो आहे आणि तो सोडू नका असंच सांगेन.

आधी लक्षणं नीट बघा

"वाढत नाही" या दोन शब्दांत पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात. जाळं टाकून मासे हातात घ्या आणि तुमच्याकडे यातलं नेमकं काय आहे ते ठरवा.

डोकं मोठं, पाठ बारीक, पोट आत गेलेलं दिसत असेल तर मासा उपाशी आहे. हाडं वाढत राहिली आणि मांस भरलं नाही की मासा असा दिसतो. रक्ताचा दोष असलेला मासा बहुधा लहान असतो, पण बांधा प्रमाणात असतो. एवढ्या एका खुणेवर निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

काही मासे अर्ध्या किलोच्या पुढे आणि बाकीचे शंभर ग्रॅमवर असतील, तर खाद्य सगळ्यांपर्यंत पोचत नाही किंवा बीज दोन वेगळ्या वयांचं मिसळून आलं आहे. सगळेच मासे एकसारखे लहान असतील तर पाणी, खाद्य, गर्दी आणि बीज हे चारही संशयित राहतात.

शंभर-दीडशे ग्रॅमच्या सायप्रिनसच्या (कॉमन कार्पच्या) पोटात अंडी भरलेली दिसली, तर तो खाल्लेलं मांसात न घालता अंड्यांत घालतो आहे. तिलापियाच्या तळ्यात बोटाएवढी पिल्लं हजारोंनी दिसली तर तोच प्रकार, फक्त जास्त वेगानं.

पाठीचा कणा वाकडा, कल्ल्यावरचं झाकण आखूड, जबडा तिरपा असे मासे वारंवार हाताला लागत असतील, शिवाय सोडलेल्या बीजापैकी फारच थोडं जगलं असेल, तर ते लिहून ठेवा. जवळच्या नात्यातल्या माशांचं प्रजनन झालं की त्याचा फटका आधी जगण्याला बसतो आणि मग वाढीला. पण एक-दोन वाकड्या माशांवरून निकाल लावू नका. खाद्यात क जीवनसत्त्व कमी असलं तरी कणा वाकतो.

आणि शेवटचं लक्षण: कटला म्हणावा तर तोंड तेवढं मोठं नाही, रोहू म्हणावा तर डोकं जास्त रुंद, असे मधलेच मासे. त्यांच्याकडे पुढे येतोच.

वजन करा, अंदाज नको

यासाठी फक्त एक तराजू आणि पाण्यानं भरलेली बादली लागते. प्रत्येक जातीचे निदान तीस मासे तळ्याच्या दोन-तीन कोपऱ्यांतून काढा, एकत्र तोला, सरासरी काढा. जात वेगळी, नोंद वेगळी. काठावर खाद्य टाकून जाळं मारलं तर धीट आणि मोठे मासेच सापडतात, त्यामुळे तसं करू नका.

मग ती सरासरी कशाशी ताडून बघायची? हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), बरं खाद्य, बरं पाणी असेल तर रोहू वर्षात साधारण ६०० ते ८०० ग्रॅम होतो आणि कटला किलोच्या आसपास जातो. पण "वर्ष" मोजताना थंडी वजा करा. हे मासे २५ ते ३२ अंश सेल्सिअस पाण्यात वाढतात आणि पाणी २० च्या खाली गेलं की खाणं जवळजवळ सोडतात. नोव्हेंबरला बोटुकली सोडून फेब्रुवारीत वजन बघणाऱ्या नाशिक किंवा गोंदियाकडच्या माणसाला निराशा येणारच. मार्च ते मे परत तोला आणि मगच बोला.

तळ्यात किती मासे आहेत?

हा प्रश्न विचारला की बरेच जण बिलावरचा आकडा सांगतात. बीज वाटीनं किंवा गाळणीनं मोजून देतात. एका वाटीतले मोजायचे आणि वाट्या मोजायच्या, ही पद्धत वाईट नाही, पण वाटी हलकी-भारी भरली की हजारोंचा फरक पडतो. काही बीज केंद्रं मरतूक गृहीत धरून वर भर घालतात. तुमच्याकडे बीज चांगलं जगलं तर तीच भर तुमच्या मुळावर येते.

३० मीटर बाय ३० मीटरच्या शेततळ्याचा पाण्याचा पसारा भरलेला असताना ९०० चौरस मीटर, म्हणजे ०.०९ हेक्टर. हेक्टरी दहा हजारांच्या हिशेबानं त्यात ९०० बोटुकली बसतात. उतरत्या बाजूंमुळे पाणी खाली गेलं की पसारा आणखी घटतो. आणि मी अशा तळ्यांत तीन-तीन, चार-चार हजार मासे पाहिले आहेत. तिथं जगातलं कुठलंही बीज आणून टाकलं तरी मासा वाढणार नाही.

गर्दी आहे असं दिसलं तर उपाय फुकटात होतो: निम्मे मासे काढून विका किंवा दुसऱ्या तळ्यात हलवा आणि दीड-दोन महिने थांबा. उरलेले मासे झपाट्यानं वजन धरायला लागले तर तुमचा प्रश्न सुटला, पुढचं वाचायची गरज नाही.

न बोलावलेले पाहुणे

गावतळ्यात नाल्याचं पाणी येतं, त्यासोबत मुरी, चाल, तिलापिया येतात. मुरी आणि चाल छोटे असतात, पण त्यांची संख्या प्रचंड असते आणि पाण्यातलं तरंगतं अन्न आधी तेच खातात. बारीक आसाचं जाळं काठानं ओढा. मोठ्या माशांच्या वजनाच्या जवळपास या किरकोळ माशांचं वजन भरलं तर निम्मं खाद्य तुम्ही त्यांना घालत आहात. येणाऱ्या पाण्याला जाळी बसवा आणि उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवून कोरडं होऊ द्या.

पाणी

दोनच गोष्टी घरच्या घरी बघा.

पहिली, सूर्योदयाच्या आधी तळ्यावर जा. मासे पृष्ठभागाला तोंड लावून हवा घेत असतील तर रात्री प्राणवायू कमी पडतो आहे. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला पाहिजे. तो ३ च्या खाली गेला की मासा खात नाही, आणि खाल्लेलंही अंगी लागत नाही. दिवसा सगळं छान दिसतं, म्हणून हा दोष महिनोन्महिने लपून राहतो.

दुसरी, हात कोपरापर्यंत सरळ पाण्यात घाला. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसेनासा झाला आणि पाण्याला हिरवट-तपकिरी झाक असली तर नैसर्गिक अन्न पुरेसं आहे. कोपर बुडूनही बोटं स्पष्ट मोजता येत असतील तर पाणी उपाशी आहे. मनगटाशीच तळवा नाहीसा झाला तर हिरवळ जास्त झाली आहे, आणि पहाटे प्राणवायू तुटायचं कारण बहुधा तेच.

प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यात हे फार महत्त्वाचं. मातीच्या तळ्यात चिखल स्वतः माशांना जेवू घालतो, अस्तरावर चिखलच नसतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यामुळे अस्तराच्या तळ्यात मृगळ मागे पडला, तर बीज केंद्राशी भांडायला जाऊ नका. त्याचं ताटच तुम्ही काढून घेतलं आहे. तिथं मृगळ कमी सोडा.

खाद्य

रोहू २०० ग्रॅमचा आणि संख्या ५०० असेल तर तळ्यात १०० किलो मासा आहे. दिवसाला वजनाच्या दोन टक्के धरले तर २ किलो खाद्य लागतं, तीन टक्के धरले तर ३ किलो. बोटुकली लहान असताना हे प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं. आता तुम्ही किती टाकता ते वहीत बघा. बरेच जण पहिल्या महिन्यात ठरवलेलं माप दहाव्या महिन्यातही तसंच चालू ठेवतात. मासा वाढला, माप वाढलं नाही, मग वाढ थांबली. दर महिन्याला वजन केल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून तराजू सगळ्यात आधी सांगितला.

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा हे जुनं मिश्रण अजूनही चालतं, पण ओलसर गोदामातल्या पेंडीला बुरशी धरते, तिचं विष यकृतावर जातं आणि मासा खाऊनही वाढत नाही. पेंडीला कुबट वास आला तर ती जनावरालाही घालू नका. खाद्य पसरून फेकण्यापेक्षा छिद्रं पाडलेल्या पिशवीत किंवा परातीत ठेवा. दोन तासांनी उरलेलं दिसतं आणि रोजचा हिशेब कळतो.

उवा आणि कल्ले

मासा अंग घासतो, उड्या मारतो, अंगावर लाल ठिपके दिसतात? परांच्या मुळाशी चपटे, पारदर्शक, हलणारे किडे शोधा. या माशांच्या उवा रक्त पितात आणि मासा न मरता महिनोन्महिने खंगत राहतो. कल्ल्याचं झाकण उचलून बघा: निरोगी कल्ला लालभडक असतो. फिकट, चिकट किंवा पांढऱ्या गाठींचा कल्ला दिसला तर इथंच थांबा आणि मत्स्य रोग जाणणाऱ्याला बोलवा. दुकानातून औषध आणून अंदाजानं तळ्यात ओतू नका. चुकलेल्या मात्रेनं तळंच्या तळं गेलेलं मी पाहिलं आहे.

बीजाचं वय विचारा

आता आपण बीजाकडे आलो, पण अजून रक्ताकडे नाही.

आंध्रातले मत्स्यपालक मुद्दाम बोटुकली दाट गर्दीत, कमी खाद्यावर वर्षभर खुंटवून ठेवतात आणि मग मोठ्या तळ्यात सोडतात. ती तिथं झपाट्यानं भरून निघते, कारण रोखलेली वाढ संधी मिळताच जोर धरते. म्हणजे आकारानं लहान आणि वयानं मोठं बीज हे आपोआप वाईट नसतं. मात्र तुम्ही ते "या वर्षीचं" समजून घेतलं असेल आणि वाढीचा हिशेब त्यावर मांडला असेल, तर हिशेब चुकतो. केंद्रावर सरळ विचारा की अंडी कुठल्या महिन्यात फुटली. या माशांचं प्रजनन पावसाळ्यात होतं. मे महिन्यात कोणी बोटभर रोहू दिला तर तो जवळजवळ नक्की मागच्या पावसाळ्यातला आहे.

जात शुद्ध आहे का?

कटल्याचं तोंड मोठं, वर वळलेलं, खालचा ओठ जाड आणि त्याला मिशा नसतात. रोहूचं डोकं लहान, ओठांना झालरीसारखी कड आणि बारीक मिशा. मृगळाचं तोंड रुंद, बोथट आणि अंग लांबट. यांच्या मधले मासे जाळ्यात वारंवार दिसले तर ते संकर आहेत.

हे होतं कसं? १० जुलै १९५७ या दिवशी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी कटकला पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. तोवर नदीतून मत्स्यजिरे, म्हणजे नुकती फुटलेली बारीक पिल्लं, गोळा करावे लागत. आपण आज १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतो तो यामुळेच. त्या तंत्रानं बीज मुबलक झालं, पण एकाच हौदात कटला, रोहू, मृगळ एकत्र टोचून सोडायची सवयही लागली. त्यात एकाचं वीर्य दुसऱ्याच्या अंड्यांवर पडतंच. विदर्भातल्या बांधावरच्या प्रजननातही जाती एकत्र सोडल्या की हेच होतं.

कटला आणि रोहूचा पहिला संकर वाईट वाढतो असं नाही, तो दोघांच्या मध्ये कुठंतरी राहतो. खरी अडचण पुढची आहे. हे संकर नापीक नसतात. त्यांना कोणी प्रजनक म्हणून ठेवलं की पुढच्या पिढीत सगळी सरमिसळ होते आणि ती परत वेगळी करता येत नाही. म्हणून संकर दिसले तर त्या तळ्यातला एकही मासा अंड्यांसाठी ठेवू नका, आणि नदीत तर मुळीच सोडू नका. खाऊन किंवा विकून संपवा.

सायप्रिनस लवकर अंड्यावर येण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. १९५७ साली बँकॉकहून आलेला वाण आपल्याकडच्या उबदार पाण्यात सहा महिन्यांतच प्रौढ होतो. त्यावर उपाय म्हणजे उशिरा प्रौढ होणारा वाण. हंगेरीहून कर्नाटकात आणलेला अमूर कार्प याच कारणासाठी आणला होता. तिलापियात नरच जास्त वाढतो, त्यामुळे तिथं एकलिंगी बीज लागतं. ते परवानगी असलेल्या केंद्राकडूनच घ्यावं, कारण तिलापिया पाळायलाच नियम आहेत.

एकाच तळ्यात दोन बीजं: ही खरी परीक्षा

वरचं सगळं तपासून झालं, दुरुस्तही झालं, तरी मासा मागेच आहे. आता बीजाच्या रक्तावर संशय घ्यायला हरकत नाही. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. "शेजाऱ्याच्या तळ्यात त्या केंद्राचा मासा दीडपट झाला" हेही पुरावा नाही, कारण शेजाऱ्याचं पाणी वेगळं, माप वेगळं, हात वेगळा. दोन बीजांची तुलना एकाच पाण्यात, एकाच परातीवर झाली तरच तिला अर्थ आहे.

ती अशी करा. तुमच्या नेहमीच्या केंद्राची आणि दुसऱ्या खात्रीच्या केंद्राची रोहूची बोटुकली घ्या, निदान शंभर-शंभर. दोन्हींचं वय आणि आकार शक्य तितका सारखा हवा. हा मुद्दा सोडू नका: सुरुवातीला थोडा मोठा असलेला मासा खाद्यावर आधी पोचतो आणि ते अंतर वाढत जातं, मग वर्षाअखेर तुम्ही रक्त नव्हे तर सुरुवातीलाच मिळालेली आघाडी मोजता.

एका गटाचा पोटाखालचा डावा पर कापा, दुसऱ्याचा उजवा. दोघांचाही कापायचा, म्हणजे जखमेचा त्रास दोघांना सारखा होतो. पर परत उगवतो, म्हणून दर महिन्याला तोलताना खूण ताजी करत राहा. सगळे एकाच तळ्यात सोडा. महिन्याला प्रत्येक गटाचे तीस मासे तोला आणि वहीत तारीख, संख्या, वजन एवढं लिहा. मेलेले किती तेही लिहा.

दहा-पाच टक्के फरक आला तर निकाल लागला नाही असं समजा. एवढ्या थोड्या माशांत तो नशिबानंही पडतो. सलग चार-पाच महिने एकच गट मागे राहिला आणि शेवटी फरक पाव हिश्श्याच्या पुढे गेला, तर मात्र तुमच्या नेहमीच्या बीजात खोट आहे. हे कागद घेऊन केंद्रावर जा. आवाज चढवण्याची गरज पडत नाही, वही बोलते.

बीज केंद्र चालवणाऱ्यांसाठी: प्रजनक मासे मोजा

इथून पुढचं हॅचरीवाल्यांसाठी, पण बीज विकत घेणाऱ्यांनीही वाचावं, म्हणजे केंद्रावर काय विचारायचं ते कळेल.

रोहूची एक मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. त्यामुळे पाच-दहा मासे टोचले तरी हौद भरतो आणि हंगाम निघतो. हीच सोय घात करते. मोजायचं सूत्र सोपं आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले नर-माद्यांची बेरीज. ५ नर आणि २० माद्या असतील तर ४ गुणिले ५ गुणिले २०, म्हणजे ४००, भागिले २५, उत्तर १६. केंद्रात २५ मासे दिसत असले तरी रक्ताच्या हिशेबात ते १६ च आहेत. आता १ ला त्याच्या दुपटीनं, म्हणजे ३२ नं भागा. एका पिढीत जवळच्या नात्यातल्या रक्ताची मिसळ ३ टक्क्यांहून थोडी जास्त वाढते. तेच २५ नर आणि २५ माद्या ठेवल्या तर उत्तर ५० येतं आणि वाढ पिढीला १ टक्का. मुख्यतः नर वाढवून केवढा फरक पडतो बघा. हेही सगळ्यांना जवळपास सारखी पिल्लं झाली तरच. प्रत्यक्षात एक-दोन जोड्यांचीच पिल्लं जास्त जगतात आणि आकडा आणखी खाली येतो.

१९८० च्या दशकात अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉयल यांनी कर्नाटकातल्या कार्प हॅचऱ्यांचा हाच हिशेब मांडला. पिढीला २ ते १७ टक्के असा वेग त्यांना आढळला. १७ टक्के म्हणजे दोन-तीन पिढ्यांत सगळं केंद्र एका घरातलं.

त्याच्या जोडीला दुसरी सवय येते: मोठे मासे बाजारात जातात, कारण त्यांना भाव असतो, आणि विकले न गेलेले मागचे मासे पुढच्या वर्षी अंड्यांसाठी राहतात. ही निवडच आहे, फक्त उलट्या दिशेची. कोणी ठरवून करत नाही, तरी दरवर्षी होते.

मग सगळ्यात मोठे मासे प्रजनक ठेवले की झालं? तेवढ्यानंही होत नाही. मासा मोठा होतो त्यातला थोडाच भाग रक्ताचा असतो, बाकी जागा, खाद्य आणि आधी जन्मल्याचा फायदा. कार्पच्या वाढीत रक्ताचा वाटा एक चतुर्थांश धरला, आणि तळ्याच्या सरासरीपेक्षा ४०० ग्रॅमनं मोठे मासे निवडले, तर पुढच्या पिढीला सरासरी १०० ग्रॅम मिळतात. कमी नाहीत. पण एकाच तळ्यातले सगळ्यात मोठे मासे बऱ्याचदा एकाच लवकर फुटलेल्या घाण्यातले सख्खे भाऊ-बहीण असतात. त्यांचं आपसात प्रजनन केलं की एका हातानं मिळवलेलं दुसऱ्या हातानं जातं.

भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं, जिला आपण सीफा म्हणतो, १९९२ पासून नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साथीनं रोहूवर जे काम केलं ते याच दोन अडचणी ओळखून. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज, गोमती या नद्यांतले रोहू आणि संस्थेतले रोहू घेऊन त्यांनी पाया रुंद ठेवला. प्रत्येक जोडीची पिल्लं आधी वेगळी वाढवली, मग खूण करून एका तळ्यात सोडली. एक मासा नव्हे तर त्याचं सगळं कुटुंब कसं वाढतं ते पाहून निवड केली. पिढीला सरासरी १७ टक्के वाढ मिळाली. १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णजयंतीत, तो 'जयंती' रोहू म्हणून शेतकऱ्यांकडे आला. तिलापियातही १९८८ पासून फिलिपिन्समध्ये याच वाटेनं 'गिफ्ट' नावाचा वाण तयार झाला आणि पाच पिढ्यांत वाढ ८० टक्क्यांच्या पुढे गेली.

जयंतीबद्दल दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. उपाशी तळ्यात जयंती हा साधा रोहूच असतो, रक्तातली वाढ ताटात अन्न असेल तरच बाहेर येते. आणि कोणी जयंतीचे चार-सहा मासे आणून त्यांच्यापासून वर्षानुवर्षं बीज काढत असेल, तर नाव जयंतीचं राहतं आणि गुण झिजत जातो. म्हणून बीज घेताना "जयंती आहे का" एवढंच विचारू नका. प्रजनक कुठून आणले, कुठल्या साली, नर किती, माद्या किती, शेवटचे कधी बदलले, हे विचारा. चांगल्या केंद्राकडे याची नोंदवही असते आणि ते ती आनंदानं दाखवतात. उत्तरं टाळणाऱ्याकडून बीज घेऊ नका, भाव कितीही कमी असो.

हॅचरीवाल्यांनी इतकं तरी करावं: प्रत्येक जातीचे निदान २५ नर आणि २५ माद्या, प्रत्येक जातीला वेगळा हौद, हंगामाच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही घाण्यांतून पुढचे प्रजनक, आणि दर तीन-चार वर्षांनी बाहेरून नवं रक्त. राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाची प्रजनक पेढी कौसल्यागंगेलाच आहे, सुधारित साठा तिथून किंवा सीफाकडून मागवता येतो. दुसऱ्या हॅचरीशी मासे अदलाबदल करणार असाल तर आधी त्यांचे प्रजनक कुठून आले ते बघा. दोघांनी एकाच ठिकाणाहून आणले असतील तर ते नवं रक्त नव्हेच.

इथं थांबा आणि बोलवा

मासे रोज मरायला लागले, कल्ल्यांवर गाठी दिसल्या किंवा अंगावर जखमा उमटल्या, तर वाढीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात सहायक आयुक्तांना कळवा. सोबत पाण्याची बाटली आणि जिवंत आजारी मासा न्या, मेलेल्या माशावरून फारसं कळत नाही.

परांच्या खुणेची परीक्षा करून बीज मागे पडल्याचं दिसलं आणि केंद्र ते मानत नसेल, किंवा संकर आहे की नाही यावर वाद असेल, तर डोळ्यानं निकाल लागणार नाही. त्याला डीएनए तपासणी लागते. त्यासाठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, किंवा नागपूर, उदगीर, रत्नागिरी इथल्या मत्स्य महाविद्यालयांशी बोला. जाताना महिन्यांच्या वजनांची वही घेऊन जा, ते पहिल्यांदा तीच मागतील.

आणि हॅचरीत स्वतःच निवड-प्रजनन सुरू करायचं मनात असेल, तर प्रजनकांची संख्या आणि अदलाबदल इथपर्यंत तुमचं तुम्ही करा. कुटुंबं वेगळी ठेवणं, माशांच्या अंगात खुणेची चकती बसवणं, कुठली जोडी लावायची ते वंशावळीवरून ठरवणं, हे काम आनुवंशशास्त्र शिकलेल्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय सुरू करू नका. रोहूची एक पिढी यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि चुकीच्या जोड्या लागल्याचं कळेपर्यंत तेवढी वर्षं गेलेली असतात.